फेरवाचन

डॉ. गिरिजा हत्तरगे हिने संगणकावर फेरवाचनाचा आदेश दिला आणि जेवणाचा डबा उघडला. जंतू ओळखणाऱ्या यंत्राला या वेळी नमुना नको होता, की लेसर नको होता. गेल्या नऊ वर्षांत त्याने जे जे पाहिलं होतं ते त्याच्या स्मृतीत जसंच्या तसं पडून होतं. तेच त्याला पुन्हा वाचायचं होतं, पण या खेपेला नव्या माहितीच्या आधाराने.

बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या देवळसगावच्या विभागीय पशुरोग निदान प्रयोगशाळेत गिरिजा जंतुशास्त्राचा विभाग सांभाळत होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आजारी जनावरांचं दूध, रक्त, पू, गाभ टाकलेल्या शेळ्यांची वार असं काय काय बर्फाच्या डब्यांतून तिथे येई. यात कोणता जंतू आहे हे सांगणं तिचं काम. पूर्वी त्याला आठवडा लागायचा. जंतू वाढवा, रंगवा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा, त्याला निरनिराळ्या साखरा खायला घालून कोणती पचते ते पाहा. मग यंत्र आलं आणि आठवड्याचं काम मिनिटांवर आलं.

यंत्राची युक्ती तशी सोपी होती. थाळीवर वाढलेल्या जंतूंचा कणभर अंश धातूच्या पट्टीवर लावायचा, वर एका आम्लाच्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि पट्टी यंत्राच्या पोटात सरकवायची. लेसरचा झोत बसला की जंतूतली प्रथिनं सुटी होतात आणि एका निर्वात नळीतून धावत सुटतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. कोण कधी पोचलं याचा जो आलेख उमटतो तो त्या जंतूचा ठसा. माणसाच्या अंगठ्याचा असतो तसा, ज्याचा त्याचा वेगळा.

पण ठसा कितीही स्वच्छ उमटला तरी तो कुणाचा हे कळायला आधीचे ओळखीचे ठसे जवळ हवेत. यंत्राबरोबर आलेला संग्रह परदेशातल्या इस्पितळांमध्ये, तिथल्या रुग्णांच्या जंतूंवरून तयार झाला होता. बालाघाटातल्या शेळीचा जंतू त्याने कधी पाहिलेलाच नव्हता. अनोळखी जंतू समोर आला की यंत्र दोनपैकी एक करी. एकतर 'माहीत नाही' म्हणे, नाहीतर त्याच्या चुलत भावाचं नाव सांगून मोकळं होई. पहिलं परवडायचं. दुसऱ्यात घात होता.

म्हणून गिरिजा चार वर्षं गावोगावच्या जनावरांतले जंतू गोळा करत होती. प्रत्येकाची जनुकं वाचून त्याची ओळख पक्की करायची आणि मगच त्याचा ठसा संग्रहात घालायचा. राज्यातल्या इतर प्रयोगशाळाही तिला येऊन मिळाल्या आणि 'देशी संग्रह' उभा राहिला. आज तो पहिल्यांदा यंत्राला जोडला होता. पुढे येणारे जंतू तर तो नीट ओळखणारच होता, पण गिरिजाला मागचेही हवे होते.

तिचं जेवण होईपर्यंत फेरवाचन संपलं. हजारो उत्तरं होती तशीच राहिली होती. तीनशेच्या आसपास बदलली होती. बहुतेक बदल किरकोळ होते, एका निरुपद्रवी जंतूच्या जागी दुसरा निरुपद्रवी जंतू. ती पडद्यावरून नजर फिरवत गेली आणि एका ओळीवर थांबली.

उंबरखोरे गाव. शेळीची वार. सात वर्षांपूर्वीचा नमुना. जुनं उत्तर: ऑक्रोबॅक्ट्रम, मातीपाण्यातला जंतू. नवं उत्तर: ब्रुसेला.

तिने डबा बाजूला सारला.

ही दोघं खरोखरच चुलत भावंडं आहेत, ठशांत फरक बारीक. स्वभाव मात्र अगदी निराळे. पहिला मातीत पडून असतो, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. दुसरा शेळ्यामेंढ्यांना गाभ टाकायला लावतो आणि तेवढ्यावर थांबत नाही. कच्च्या दुधातून, किंवा वार ओढणाऱ्या उघड्या हातांतून तो माणसात शिरतो. माणूस त्याने सहसा मरत नाही. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. कंबर धरते, सांधे धरतात, मन खचतं. वर्षानुवर्षं हे चालू राहू शकतं, आणि वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

जुन्या अहवालाखाली सही होती डॉ. मधुकर सोनटक्के यांची. गिरिजाला सूक्ष्मदर्शकात बघायला शिकवणारे तिचे सर. हे यंत्र आणावं म्हणून दोन वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या त्यांनीच.

विभागप्रमुख डॉ. केदार वाघचौरे यांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

"पाच वर्षांहून जुने निकाल कळवायची तरतूद नाही," ते म्हणाले. "आणि समजा कळवला. मग तीनशेही कळवावे लागतील. मॅडम, नमुने पाठवा म्हणून मी वाड्यावस्त्यांवर किती हिंडलोय ते तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता कुठे लोक विश्वास टाकायला लागलेत. हे यंत्र आज एक सांगतं आणि उद्या दुसरं, असं झालं तर उद्यापासून कोण नमुना पाठवेल?"

"आणि त्या घरात कुणी आजारी असेल तर?"

"सात वर्षांत दवाखान्यात गेलंच असेल की."

त्यांचं बोलणं सगळंच चुकीचं नव्हतं, आणि तेच गिरिजाला जड जात होतं. "मी अहवाल पाठवत नाही," ती शेवटी म्हणाली. "रजा टाकून उंबरखोऱ्याला जाऊन येते. बघते नुसतं."

वाघचौरेंनी खिडकीबाहेर बघितलं. "रजा घेऊन कुणी कुठे जावं यावर माझं बंधन नाही," ते म्हणाले.

पण उंबरखोऱ्याच्या आधी तिला दुसरीकडे जायचं होतं.

सोनटक्के सर निवृत्तीनंतर शाळांच्या कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जात. गिरिजा मैदानावर पोचली तेव्हा ते गळ्यात शिट्टी अडकवून रेषेवर वाकून उभे होते. पोरी दम धरून एकमेकींच्या अंगावर जात होत्या. सामना संपेपर्यंत ती लिंबाखाली थांबली. काय बोलायचं हे तिने गाडीवरून येताना जुळवलं होतं. संग्रहच अपुरा होता सर, तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं, वगैरे. सर घाम पुसत आले आणि तिने ते सगळं सोडून सरळ काय ते सांगितलं.

सरांनी शिट्टी काढून खिशात ठेवली.

"उंबरखोरे," ते म्हणाले. "लवट्यांच्या शेळ्या. आठवतंय मला. रंगवून बघितलं तेव्हा मनात आलं होतं की हे दिसतंय काहीतरी वेगळं. बारीक, वाळू सांडल्यासारखे. पण यंत्राने नाव दिलं, ठामपणे दिलं. दुसरा नमुना पाठवा म्हणून निरोप धाडला होता. तो आला नाही आणि मीही मागे लागलो नाही." मग त्यांनी विचारलं, "आणि माणसं?"

"ते बघायलाच चाललेय."

"कधी?"

"उद्या सकाळी."

"मी येतो."

"सर, तुम्ही कशाला? मी सांगते ना त्यांना."

"गिरिजा, तेव्हा त्यांना धीर माझ्या सहीने दिला होता," सर म्हणाले. "तुझ्या नाही."

उंबरखोरे डोंगराच्या उतारावर होतं. गावाच्या वरच्या अंगाला महादेव लवटे या मेंढपाळाचं घर. समोर काटेरी कुंपणात उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. घराच्या अंगणातून मधोमध एक कमरेइतकी दगडी भिंत घातलेली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन चुली होत्या. एकीशी साठी उलटलेले महादेव स्वतःच भाकरी थापत होते. दुसऱ्या बाजूला त्यांची सून सुनंदा शेळ्यांसाठी सुबाभळीचा पाला बांधत होती. तिच्या मागे सोप्यात, दिवस एवढा वर आला तरी, खाटेवर कुणीतरी झोपलेलं होतं.

महादेवांनी सरांना ओळखलं. हात धुऊन घोंगडी अंथरली.

"तुमीच सांगितलं हुतं, मातीतला जंतू हाय, काय धोका न्हाई," ते म्हणाले.

"हो. ते चुकलं होतं, महादेवराव. जंतू वेगळा होता. वाईट होता."

गिरिजाने पुढे होऊन सांगितलं की यंत्राने तेव्हा आपल्याकडच्या जनावरांचे जंतू पाहिलेलेच नव्हते, त्यामुळे त्याला जवळचं वाटलं ते नाव त्याने दिलं.

"म्हंजी परगावच्या मानसाला आमच्या कळपातली शेळी वळखाया सांगावी, तसं," महादेव म्हणाले.

"तसंच."

"बरं. त्या शेळ्या तर गेल्या. आता काय त्याचं?"

"त्या वेळी शेळ्यांची वार कुणी ओढली होती?" गिरिजाने विचारलं. "आणि नंतर घरात कुणाला ताप वगैरे..."

भिंतीपलीकडे पाल्याची पेंढी सुनंदाच्या हातातून खाली आली.

"संध्याकाळी ताप येतो," ती म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं. "मग घाम सुटतो. वाकळ पिळून काढावी एवढा. सकाळी बघाल तर अंग थंडगार. दवाखान्यात सकाळीच जावं लागतं मॅडम, दुपारनं डाक्टर नसतो. तिथं हात लावून बघत्यात अन् म्हनत्यात, ताप कुटं हाय? कंबर दुखती सांगितलं की गोळी देत्यात. तीन दवाखाने केले. शेवटच्यानं सांगितलं, याच्या मनात काम करायचं न्हाई."

"वार मीच वढली हुती," सोप्यातून आवाज आला. खाटेवरचा माणूस उठून बसत होता. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग भिंतीला धरून. तिशीपस्तिशीचा असेल. "धा-अकरा शेळ्यांनी गाभ टाकला एका म्हैन्यात. आबा बाजारला गेलते. मी एकलाच हुतो."

हा खंडू, महादेवांचा थोरला मुलगा. गावात त्याला खाटखंडू म्हणत. हे नाव सुनंदानेच नंतर गिरिजाला सांगितलं, आणि हेही, की चार वर्षांपूर्वी ऐन मेंढ्या कातरायच्या दिवसांत तो उठला नाही तेव्हा आबांनी मधे ही भिंत घातली आणि तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही.

महादेव मुलाकडे न बघता सरांना म्हणाले, "सायेब, एक इचारू? यंत्र तवाबी बोललं. आताबी बोलतंय. तवा खोटं हुतं. आता खरं कशावरनं?"

गिरिजाकडे याचं शास्त्रीय उत्तर होतं. जनुकांचं वाचन, पडताळलेले ठसे, जुळणीचे गुण. ते तिने ओठांवर आणलं आणि तिला जाणवलं की सात वर्षांपूर्वी या माणसाला असंच काहीतरी ऐकवलं गेलं असणार.

सर म्हणाले, "यंत्रावर भरवसा नका ठेवू. खंडूचं रक्त तपासू. ती तपासणी माणसांच्या दवाखान्यात होते, तिची पद्धत निराळी, या यंत्राचा तिच्याशी काही संबंध नाही. ती काय म्हणते ते बघू, मग ठरवा."

"काढा," महादेव म्हणाले. "अन् माजंबी काढा."

"तुम्हाला काही होतंय का?"

"मला काय धाड भरलीय? रोज शेळ्या वळतो. पन दूध त्यानं पेलं तसं मीबी पेलं, धारंचं, न तापवता. एकाच शेळीचं. मला काय न्हाई अन् त्याला हाय, असं निघालं तर मला कळंल काय ते."

आपला आजार खरा की सोंग हेच बापाला तपासायचं आहे, हे खंडूला नेमकं कळलं होतं. गिरिजा पिशवीतून सुई काढू लागली तेव्हा त्याने आपला दंड हाताने झाकला.

"मॅडम, रक्तात न्हाई निघालं तर?"

"तर दुसरं कारण शोधू."

"तुमी शोधाल. हितं कोन शोधतंय? आतापत्तुर लोकंच म्हनत्यात. मग तपासनीबी म्हनंल की हा नुसता पडून ऱ्हातोय." तो थांबला. "नगा काढू."

आपण केवढ्या गोष्टीला हात घातला हे गिरिजाला तेव्हा उमगलं. यंत्राने शेळीतला जंतू सांगितला होता, माणसातला नाही. ताप वेगळ्या कारणाचाही असू शकत होता. काहीच न निघण्याचीही शक्यता होती, आणि तसं झालं तर ती या माणसाचं उरलंसुरलंही घेऊन जाणार होती. वाघचौरेंचं ऐकून गप्प बसायला हवं होतं का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"जबरदस्ती नाही," ती म्हणाली. "पण मी खोटं सांगणार नाही. निघेलच असंही नाही."

सुनंदा नवऱ्याशेजारी येऊन बसली. "तुमचं खरं मानाया मला तपासनी नको," ती त्याला म्हणाली. "तुमचा घाम मी पिळलाय. पन मला तुमी असे बघवत न्हाई. बघू द्या त्यास्नी."

त्याने बाही वर केली.

निकालाची वाट बघण्याचे ते दिवस गिरिजाला लांबच लांब वाटले. रक्ताचे नमुने तिने जिल्ह्याच्या दवाखान्यात स्वतः नेऊन दिले होते. तिथल्या डॉक्टर शबाना तांबोळी तिच्या ओळखीच्या होत्या. "मी घाई करते," त्या म्हणाल्या होत्या, "पण आमच्याकडे ही तपासणी कुणी मागतच नाही गं. माणसाचा डॉक्टर जनावराचा विचार करत नाही आणि जनावराचा माणसाचा." घरी पोळी तव्यावर करपू लागली की नवरा हाक मारी, तेव्हा ती भानावर येई. सर रोज फोन करत. "आलं का?" एवढंच विचारत आणि ठेवून देत.

मग डॉ. तांबोळींचा निरोप आला. तिघांनाही दवाखान्यात घेऊन या.

तपासणीच्या खोलीत महादेव भिंतीला टेकून उभे राहिले, खुर्चीवर बसले नाहीत. खंडू आणि सुनंदा बाकावर. सर दाराशी.

"खंडू," डॉ. तांबोळी म्हणाल्या, "तुमच्या रक्तात ब्रुसेलाविरुद्धची द्रव्यं सापडली आहेत. भरपूर. आत्ता काढलेल्या तुमच्या कमरेच्या क्ष-किरण चित्रात दोन मणके झिजलेले दिसतात, तेही याच जंतूने. तुम्ही आजारी आहात. सात वर्षं आजारी होतात."

खंडूने मान खाली घातली. सुनंदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"अन् माजं?" महादेवांनी विचारलं.

"तुमच्यातही आहे, आबा. त्यांच्याइतकंच."

महादेवांना ते एकदम कळलं नसावं. "माज्यात?" ते म्हणाले. "मी तर हिंडतोय की."

"हिंडता खरं. पण दुखत नाही का काही? कंबर, गुडघे? संध्याकाळी अंग कसकसतं?"

महादेवांनी मुंडासं काढून हातात घेतलं. त्याच्या पदराशी चाळा करत ते उभे राहिले.

"दुखतंय," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. सकाळी उठाया दोन-तीनदा बसावं लागतं. मला वाटलं, म्हातारपन. सांगायचं कुनाला? शेळ्या कोन वळील? दात खाऊन उठायचो." मग, मुलाकडे न बघता, "अन् मी म्हनायचो, मी उठतोय तर ह्यो का उठत न्हाई. ह्यालाबी एवढंच दुखत आसंल."

"तुला घाम यायचा?" खंडूने विचारलं. चार वर्षांत बापाला उद्देशून बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

"यायचा."

"मग सांगायचं हुतंस, आबा."

"तू तरी सांगितलंस का?"

"मी सांगत हुतो," खंडू म्हणाला. आवाज चढला नाही. "रोज सांगत हुतो."

महादेवांनी मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळायला घेतलं. ते काही केल्या नीट बसेना. शेवटी ते तसंच काखेत मारून बिडी ओढायला म्हणून बाहेर निघून गेले.

डॉ. तांबोळींनी राहिलेल्यांना औषधं समजावून सांगितली. रोजच्या गोळ्या, सुरुवातीला इंजेक्शनं. महादेवांना दीड-दोन महिने, खंडूला मणक्यांमुळे त्याहून जास्त. चुकवायचं नाही. जंतू मरेल, ताप जाईल, पण झिजलेले मणके पहिल्यासारखे होणार नाहीत. खंडूने ऐकून घेतलं. उंबरखोऱ्यात उतरल्यावर महादेव भिंतीच्या या बाजूला गेले आणि खंडू त्या.

देवळसगावला परतताना सर म्हणाले, "मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल."

"नाही वाटलं?"

"नाही. पण ते काही माझ्यासाठी नव्हतंच म्हणा." मग ते म्हणाले, "बाकीच्या तीनशेचं काय करणार आहेस?"

तिने दुसऱ्या दिवशी वाघचौरेंना सगळं सांगितलं. म्हातारा काय म्हणाला तेही सांगितलं, तवा खोटं होतं, आता खरं कशावरून. वाघचौरे ते ऐकून थोडे हसले, मग गंभीर झाले. "मला भीती होती की लोक हेच विचारतील," ते म्हणाले. "विचारलं, आणि तरी रक्त दिलं." माणसाला धोका होईल असा बदल ज्या ज्या निकालात झाला होता ते त्यांनी वेगळे काढायला लावले. चाळीसेक निघाले. अहवाल टपालाने पाठवायचा नाही, कुणीतरी जाऊन भेटायचं आणि जाताना रक्त घ्यायची तयारी ठेवायची, असं ठरलं. यापुढे संग्रहात भर पडेल तसं दर वर्षी फेरवाचन करायचं, हेही ठरलं. आजचा ब्रुसेला उद्या आणखी निराळा निघणारच नाही, असं गिरिजाही छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. तिने अहवालात तसं स्पष्ट लिहिलं आणि वाघचौरेंनी ते खोडलं नाही.

सगळीकडे उंबरखोऱ्यासारखं झालं नाही. एका गावात घराला कुलूप होतं, माणसं पुण्याकडे गेलेली. एका घरात कुणालाच काही झालेलं नव्हतं आणि त्यांनी चहा पाजून पाठवणी केली. एका घरी म्हातारी म्हणाली, तुम्ही दोन वर्षं उशिरा आलात. तिथे सर तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिले. अशा बहुतेक भेटींना ते जात, शिट्टी घरी ठेवून.

लवट्यांच्या शेळ्यांचं रक्त तपासायला गिरिजा पुन्हा उंबरखोऱ्याला गेली तेव्हा औषधं सुरू होऊन काही आठवडे झाले होते. पहिल्या तपासणीत दूषित निघालेल्या शेळ्या कळपातून वेगळ्या काढल्या होत्या. बाकीच्यांची ही दुसरी खेप. सुनंदा एकेक शेळी धरून देत होती. चुलीवर दूध उकळत होतं.

खाटेवर कुणी नव्हतं.

"कुठे गेले?" गिरिजाने विचारलं.

"दोघंबी वर गेल्यात. आबा वळत्यात अन् ह्ये नुसते बसत्यात झाडाखाली. लई चालवत न्हाई अजून. पन जातो म्हनले." सुनंदाने पुढच्या शेळीची मान काखेत धरली. "ताप बंद हाय मॅडम. वाकळ कोरडी असती."

"आणि बोलतात का?"

सुनंदा हसू लागली. शेळी बिचकून उड्या मारायला लागली तसं तिने तिला घट्ट धरलं आणि हसतच राहिली.

"आदी पंधरा दिस न्हाई बोलले. ह्ये हिकडं गोळी घ्यायचे, आबा तिकडं. मग एक दिस सकाळी दिस उगवायच्या आदीच आबा भिंतीवरनं वाकून उबे. तोंड पांढरं पडल्यालं. मला म्हनले, तू आत जा. मला वाटलं काय झालं आता. मी दाराआड हुबी ऱ्हाऊन ऐकलं. आबा हळूच ह्यांला म्हनले, खंड्या, तुजीबी लाल हुती का रं?"

गिरिजाच्या लक्षात आलं आणि तिलाही हसू फुटलं. त्या गोळ्यांतल्या एका औषधाने लघवी केशरी-लाल होते. डॉ. तांबोळींनी ते सांगितलं होतं, पण तेव्हा महादेव बिडी ओढायला बाहेर गेलेले होते.

"पंधरा दिवस घाबरून होते?"

"जीव मुठीत धरून. कुनाला सांगितलं न्हाई. सांगायची सवय कुटं हाय? मरतोय आता, असंच त्यास्नी वाटत हुतं. ह्ये म्हनले, माजीबी लालच हाय आबा, औषीदाचा रंग हाय त्यो, कायबी हुत न्हाई. तर आबा मटकन् तितंच भिंतीवर बसले. लई येळ बसले. मग ह्ये उटून त्यांच्यापशी गेले, कमरंला हात लावत लावत, अन् बाजूला बसले."

तिने शेळीच्या मानेवरचे केस बाजूला करून गिरिजाला शीर दाखवली. गिरिजाने सुई टोचली.

"मग काय बोलले?"

"शेळ्यांचंच की," सुनंदा म्हणाली. "दुसरं काय बोलनार? कोनती कवा व्यायची, कुनाला खरूज झालीय, असलंच. उनं वर येईपत्तुर बोलत हुते. मी दोनदा भाकरी गरम केली."